बंदिस्त मैदानावरचा फुटबॉल आणि गडी निवडण्याची विद्या

फँटसी फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात, विल्फ्रेड विंकनबाख या व्यावसायिकाच्या घराच्या तळघरात झाला. विंकनबाख हे ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक लहान भागीदार. आदल्या वर्षी हा संघ पूर्वेकडे सामने खेळायला गेला होता, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी संघाचे प्रसिद्धीप्रमुख बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांना सोबत घेऊन या खेळाचे नियम ठरवले. कल्पना साधी होती. खऱ्या लीगमधले खेळाडू आळीपाळीने निवडून प्रत्येकाने कागदावर आपला संघ उभा करायचा आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात जी कामगिरी करतील तिच्यावरून आपले गुण मोजायचे.

आठ संघमालक आणि प्रत्येकी वीस खेळाडू, असा तो पहिला डाव होता. विसांमध्ये दोन क्वार्टरबॅक, चार हाफबॅक, दोन फुलबॅक, चार एंड, दोन किक परतवणारे, दोन किकर आणि बचावफळीतले चार गडी घ्यावे लागत. बचावातल्या गड्यांना स्वतंत्र जागा होती, हे विशेष. पुढे हा छंद देशभर पसरला तेव्हा बहुतेक ठिकाणी एकेका बचावपटूऐवजी एखाद्या संघाचा अख्खा बचाव एकगठ्ठा घेण्याची पद्धत रूढ झाली.

त्या बैठकीत सर्वांत आधी पुकारले गेलेले नाव ह्यूस्टन ऑइलर्सच्या जॉर्ज ब्लँडाचे होते. ब्लँडाने १९६१ च्या हंगामात ३६ टचडाउन पास फेकले होते, शिवाय संघाचा किकरही तोच होता. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन त्याच्यानंतर गेला आणि १९६३ च्याच हंगामात त्याने १,८६३ यार्ड धावून त्या वेळचा विक्रम केला. त्यामुळे ब्लँडाची निवड चुकली असे पुढे अनेकदा म्हटले गेले. पण निवडीमागचा हिशेब पक्का होता. एका जागेत दोन कामे करणारा गडी मिळत असेल, तर त्याची किंमत बाकीच्यांपेक्षा जास्त धरली पाहिजे. हा हिशेब मोठ्या मैदानावर फारसा टिकला नाही, कारण तिथे जो तो एकाच कामात तरबेज होत गेला. तो खरा ठरला छपराखालच्या फुटबॉलमध्ये, आणि त्यासाठी आणखी चोवीस वर्षे जावी लागली.

दरम्यान ड्राफ्टची रीत तळघरातून बाहेर पडली. विंकनबाख यांच्या मंडळातले अँडी मुसालिमस यांनी १९६९ मध्ये ओकलंडमधल्या आपल्या ‘किंग्ज एक्स’ या बारमध्ये गिऱ्हाइकांसाठी हा खेळ सुरू केला. बेसबॉलमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये ‘रोटिसरी लीग’ काढली. तिथे पाळीपाळीने निवड नव्हती, लिलाव होता. प्रत्येक मालकाकडे २६० डॉलर आणि त्यांत भरायच्या २३ जागा. फुटबॉलच्या मंडळांनी मात्र मुख्यतः पाळीचीच पद्धत ठेवली, तीही उलटसुलट क्रमाची. पहिल्या फेरीत ज्याला पहिली संधी, त्याला दुसऱ्या फेरीत शेवटची. आठ जणांच्या मंडळात पहिल्याला १, १६ आणि १७ क्रमांकाच्या निवडी मिळतात, तर आठव्याला ८ आणि ९ या लागोपाठ येतात. ड्राफ्टविषयीचा बहुतेक सारा सल्ला याच अंतराभोवती फिरतो. आपली पुढची पाळी येईपर्यंत कोणत्या जागेचे चांगले गडी संपतील आणि कोणत्या जागेचे उरतील, याचा अंदाज ज्याला बांधता येतो त्याचा संघ चांगला होतो.

छपराखालच्या या फुटबॉलची कल्पना १९८१ ची. एनएफएलच्या व्यापारी विभागात काम करणारे जिम फॉस्टर त्या वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघायला गेले होते. सॉकर छपराखाली येऊ शकतो तर अमेरिकन फुटबॉल का नाही, असे मनात येऊन त्यांनी हातातल्या पाकिटावरच मैदानाचा आराखडा काढला. १९८६ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे प्रायोगिक सामना झाला आणि १९ जून १९८७ रोजी पिट्सबर्गमध्ये अरीना फुटबॉल लीगचा पहिला अधिकृत सामना खेळला गेला. पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्सनी वॉशिंग्टन कमांडोजना ४८–४६ असे हरवले. पहिल्या हंगामात या दोघांखेरीज डेन्व्हर आणि शिकागो असे एकूण चारच संघ होते.

या खेळातले सगळे काही मैदानाच्या मापातून निघते. बाहेरचे मैदान १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद असते. आतले ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे एंड झोन. म्हणजे आइस हॉकीच्या रिंकवर जेमतेम बसेल एवढे. एका बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला रेषेऐवजी गादी लावलेली भिंत. गोलचे खांब बाहेर साडेअठरा फूट अंतरावर असतात, इथे ते अवघ्या नऊ फुटांवर येतात आणि आडवा दांडा दहाऐवजी पंधरा फुटांवर जातो. खांबांच्या दोन्ही बाजूंना ताणून बांधलेली जाळी हा या खेळाचा सर्वांत वेगळा भाग. प्रत्येक जाळी तीस फूट रुंद, बत्तीस फूट उंच आणि जमिनीपासून आठ फुटांवर सुरू होणारी. बाहेर हुकलेली किक मेली. इथे ती जाळीवर आपटून मैदानात परत येते आणि चेंडू जिवंतच राहतो. खाली टपून बसलेला गडी उसळी ओळखून झेल घेतो आणि समोरचे अजून किक मारण्याच्या रांगेत उभे असतानाच पन्नास यार्ड कापून टचडाउन करून मोकळा होतो. तीन गुण मिळवायला गेलेला संघ सहा गुण गमावून बसतो. फॉस्टर यांना या खेळाचे पेटंट १९९० मध्ये मिळाले. पेटंटची मुदत २००७ मध्ये संपली, तोवर छपराखाली खेळणाऱ्या इतर लीगना जाळीशिवायच भागवावे लागले.

अशा मैदानावर मोठ्या फुटबॉलचा ड्राफ्ट-सल्ला जसाच्या तसा चालत नाही. बाहेरच्या खेळात कित्येक वर्षे पहिल्या फेरीत धावपटू घ्यावा हा जवळजवळ नियमच होता. आत धावपटूला धावायला वावच नसतो. फुलबॅक प्रामुख्याने क्वार्टरबॅकचे रक्षण करतो आणि एंड झोनच्या तोंडाशी एक-दोन यार्डांची धडक मारतो. खेळ चालतो तो पासवर. त्यातच एका रिसीव्हरला चेंडू सुटण्यापूर्वी पुढच्या दिशेने पळत येण्याची मुभा आहे, म्हणजे तो पूर्ण वेगात रेषा ओलांडतो आणि समोरचा बचावपटू उभ्याचा उभा राहतो. संघातला हा धावता रिसीव्हर कोण, हे ओळखणे छपराखालच्या ड्राफ्टमध्ये इतर कोणत्याही माहितीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

क्वार्टरबॅकचे आकडे नवख्याला फसवतात. एरन गार्सियाने अरीना फुटबॉलच्या कारकिर्दीत हजारावर टचडाउन पास फेकले. एनएफएलच्या नियमित हंगामांत टॉम ब्रेडीचा विक्रम ६४९ चा आहे. पण सगळेच क्वार्टरबॅक ढिगाने टचडाउन फेकत असतील, तर त्यांतल्या उत्तम आणि मध्यम यांच्यातले अंतर किती, एवढाच प्रश्न उरतो. हे अंतर लहान असेल तर क्वार्टरबॅक उशिरा घेतला तरी चालतो, मोठे असेल तर तो आधी घ्यावा लागतो. एकूण गुणांपेक्षा हे अंतर मोजायचे, हा विचार मोठ्या फँटसी फुटबॉलमध्ये १९९० च्या दशकापासून जोर धरू लागला. छपराखाली त्याची गरज अधिक होती, कारण तिथे सगळेच आकडे फुगलेले असतात.

किकरचा हिशेब तर वेगळाच आहे. पंट मारायला बंदी असल्यामुळे चौथ्या प्रयत्नावर संघाला खेळावे तरी लागते किंवा फील्ड गोल तरी मारावा लागतो. खांब अरुंद, किक हुकली तर जाळीवरून परत येण्याची भीती. टचडाउनच भरपूर असल्याने किकरला जादा गुणाच्या किक मात्र सतत मिळत राहतात. चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी मारलेल्या ड्रॉप किकला एक गुण जास्त, म्हणजे फील्ड गोलला चार आणि जादा गुणाच्या किकला दोन. एकंदरीत शेवटच्या फेरीत जो मिळेल तो किकर घ्यावा, हा बाहेरचा सल्ला आतही लागू पडतो, पण त्याचे कारण वेगळे आहे.

ब्लँडाच्या निवडीमागचा हिशेब खरा ठरला तो दुहेरी नियमामुळे. सुरुवातीपासून २००६ पर्यंत या लीगमध्ये क्वार्टरबॅक, किकर आणि दोन-तीन खास जागा सोडल्या तर बाकी सर्वांना आक्रमण आणि बचाव दोन्हींत खेळावे लागे. अशा गड्याला ‘आयर्नमन’ म्हणत. ऑरलँडो प्रेडेटर्स आणि नंतर सॅन होजे सेबरकॅट्सकडून खेळलेला बॅरी वॅगनर हा त्यांतला सर्वांत मोठा. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षे त्याला आयर्नमनचा वार्षिक पुरस्कार मिळाला. तो झेल घेई, किक परतवी आणि पुढच्याच खेळीत समोरच्या रिसीव्हरकडे जाणारा पास मधल्यामध्ये पळवी. ज्या मंडळात बचावाच्या कामगिरीलाही गुण असतील तिथे असा एक गडी दीड-दोन गड्यांचे काम करतो आणि क्वार्टरबॅकच्याही आधी घ्यावा लागतो. कबड्डीत चढाई आणि पकड दोन्ही करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूला जे मोल असते, तसेच हे. २००७ पासून लीगने मोकळी अदलाबदल मान्य केली आणि आयर्नमन नाहीसा झाला. नियमातल्या या एका बदलाने ड्राफ्टची जुनी यादी निकामी केली, आणि खेळाचाही सर्वांत देखणा भाग गेला.

बाहेरच्या आणि आतल्या फुटबॉलमधली सर्वांत प्रसिद्ध वाट कर्ट वॉर्नरची. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने सोडल्यावर तो आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावत असे. १९९५ ते १९९७ तो डे मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला आणि शेवटची दोन्ही वर्षे संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुइस रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जायबंदी झाला आणि वॉर्नर मैदानात आला. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास फेकले आणि सुपर बाउल जिंकला. त्या वर्षी मोठ्या फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये त्याला क्वचितच कोणी विचारले होते. झटपट निर्णय घेऊन पळत्या रिसीव्हरच्या हातात चेंडू ठेवण्याचे कसब त्याने अरुंद मैदानावर कमावले होते, आणि डे मॉइनच्या प्रेक्षकांनी ते तीन वर्षे पाहिले होते.

इंटरनेट आल्यावर गुणांचा हिशेब वहीतून संगणकावर गेला. याहूने १९९९ मध्ये फँटसी फुटबॉल फुकट देऊ केला आणि खेळणाऱ्यांची संख्या वाढली. २००६ च्या अमेरिकन कायद्याने ऑनलाइन जुगारावर बंधने घालताना अटींसह फँटसी खेळांना वगळले. भारतात २००८ मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम११ सुरू केले, पण त्यात ड्राफ्ट नव्हता. एकच खेळाडू हजारो जण घेऊ शकत, बंधन होते शंभर क्रेडिटचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा कौशल्याचा खेळ मानला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि पैशाच्या स्पर्धा थांबल्या. छपराखालच्या फुटबॉलच्या मंडळांना पैशापेक्षा दुसरीच अडचण जास्त सतावत आली, ती म्हणजे खुद्द लीगच टिकत नाही.

२००४ मध्ये अरीना लीगमध्ये १९ संघ होते. २००३ पासून एनबीसी वाहिनी सामने दाखवत होती आणि हंगाम सुपर बाउल संपताच सुरू होई, त्यामुळे मोठ्या फुटबॉलच्या सुट्टीत फँटसीप्रेमींना हे चांगलेच फावले. तरीही २००९ चा हंगाम रद्द झाला आणि लीगने दिवाळखोरी पत्करली. २०१० मध्ये ती पुन्हा उभी राहिली, पण २०१८ मध्ये चारच संघ उरले होते. चार संघ म्हणजे चार क्वार्टरबॅक. बारा जणांचे मंडळ अशा लीगवर चालूच शकत नाही. चार जणांचे चालेल, आणि तिथे पहिल्या फेरीतच क्वार्टरबॅक संपतील. निकालाचा अंदाज बांधणे तर त्याहून कठीण. वॉशिंग्टन व्हॅलर त्या हंगामात बारांपैकी दोनच सामने जिंकले, चारही संघांना बाद फेरीत प्रवेश होता म्हणून टिकले आणि अंतिम सामन्यात बाल्टिमोरला ६९–५५ असे हरवून विजेते झाले. २०१९ च्या अखेरीस लीगने दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली.

२०२४ मध्ये त्याच नावाने नवी लीग सोळा संघांसह उतरली आणि काही आठवड्यांतच संघ एकेक करून गळू लागले. मध्येच कारभार जेफ फिशर यांच्याकडे गेला. वॉर्नरच्या रॅम्सनी ज्या टेनेसी टायटन्सना सुपर बाउलमध्ये हरवले त्यांचे ते तेव्हाचे प्रशिक्षक. बिलिंग्ज आउटलॉज विजेते ठरले आणि २०२५ मध्ये ‘अरीना फुटबॉल वन’ या नावाने वेगळी लीग सुरू झाली. त्या मानाने २००९ पासून खेळणारी इंडोअर फुटबॉल लीग अधिक स्थिर आहे. तिथे जाळी नाही, त्यामुळे जाळीवरच्या उसळीचा हिशेब तिथे लागू नाही. अशा लीगवर मंडळ चालवणाऱ्यांना गडी निवडण्याआधीच दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. हंगामाच्या मध्यात एखादा खरा संघ बंद पडला तर त्याच्या खेळाडूंच्या जागी कोणाला, कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि रद्द झालेल्या सामन्याचे गुण कसे धरायचे. राखीव जागाही जास्त ठेवाव्या लागतात, आणि सगळे रिसीव्हर एकाच संघातले घेण्याचा मोह टाळावा लागतो.