विद्युतवहन : घन व द्रावण अवस्थेतील

पदार्थातून विद्युतभार वाहून जाण्याची क्रिया. ‘हा पदार्थ वीज वाहतो का?’ या प्रश्नाला त्याची अवस्था सांगितल्याशिवाय नेमके उत्तर देता येत नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या किराणा दुकानातून मीठ आणि साखर आणली, तर कोरडी असताना दोन्ही दुर्वाहक ठरतात. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवल्यावर मात्र मिठाचे पाणी वीज चांगली वाहते, साखरेचे जवळजवळ नाहीच. विरघळणे पुरेसे नाही. हलू शकणारे भारित कण हवेत. तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन असतात, म्हणून ते घन असूनही उत्तम वाहक आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोराइड आयन असतातच, पण जागच्या जागी जखडलेले. पाणी त्यांना सुटे करते. साखरेचा रेणू पाण्यात अखंड आणि भाररहित राहतो.

हे श्रेय पाण्याचेच, असा आक्षेप येऊ शकतो. पण 801 अंश सेल्सिअसला वितळलेले मीठ पाण्याचा थेंबही नसताना वीज वाहते. दुसरा आक्षेप जुना व अधिक गंभीर आहे : विजेनेच रेणू फुटत असतील तर? विजेशिवायच द्रावणात आयनांत होणारे, रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1884 मध्ये मांडलेले विघटन त्या काळी अनेकांना पटले नव्हते. मात्र समान रेणुसंख्येच्या विरल द्रावणांत मीठ पाण्याचा गोठणबिंदू साखरेच्या जवळजवळ दुप्पट खाली आणते, आणि तेही वीज न लावता. कण आधीच सुटे झालेले असतात, याचा हा भक्कम पुरावा होय. घन लवण वीज वाहतच नाही, हा शालेय नियम मात्र सैल करावा लागतो : सिल्व्हर आयोडाइड 147 अंशांच्या वर घन राहूनही आयनांमुळे चांगले वहन करते.

चादरी आणि टॉवेलांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरात आयन देणाऱ्या आणि न देणाऱ्या पदार्थांतील या भेदाला व्यवहारात वजन आहे. पाण्यात सुती धाग्याच्या पृष्ठावर ऋणभार येतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे आयनही ऋणभारितच. त्यांचे परस्पर प्रतिकर्षण कमी करून रंग धाग्याकडे जावा म्हणून रंगकुंडात मीठ घालतात. छटेनुसार लिटरला साधारण 30 ते 80 ग्रॅम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हे प्रमाण किती मोठे आहे ते कळते. मीठ धाग्यात मुरत नाही, सांडपाण्यावरील जैविक प्रक्रियेत नष्टही होत नाही. ते सांडपाण्यात उतरते आणि त्याची वाहकता चढते.

हातातला टीडीएस (एकूण विरघळलेले घन पदार्थ) मीटर खरे तर हीच वाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने तिचे क्षारांच्या आकड्यात रूपांतर करतो. मिठाच्या पाण्यात तो झटकन चढेल, साखरेच्या दाट पाकात जवळपास शून्यावर राहील. म्हणून त्याचा कमी आकडा म्हणजे पाणी शुद्ध, असे मानणे चूक आहे. भाररहित सेंद्रिय घाण त्याला दिसत नाही. तिच्यासाठी सांडपाण्याची सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) वेगळी मोजावी लागते.