थांबण्याची ऐपत : सातारा-सांगलीतील उच्चशिक्षण प्रवेशाचा इतिहास

उच्चशिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनेचा आणि निकालांच्या टक्केवारीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु अर्ज केल्यापासून प्रवेश निश्चित होईपर्यंत विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या वाट्याला जो प्रतीक्षेचा काळ येतो, त्यालाही स्वतःचा इतिहास आहे, आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत तो विशेष स्पष्टपणे वाचता येतो. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, दक्षिण भागात सांगली, मिरज यांसारख्या विलीन संस्थानांचा मुलूख आला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली जिल्हा हे नाव मिळाले. त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत कृष्णाकाठचा हा पट्टा एकत्रच पाहावा लागतो. निकाल लांबला, जागा मिळाली नाही किंवा पैसा संपला, तर पुढचे सहा महिने अथवा वर्ष कसे काढायचे, हा प्रश्न येथील प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला. मात्र तो काळ निभावून नेण्याची ताकद सर्वांपाशी सारखी नव्हती. या ताकदीला येथे ‘थांबण्याची ऐपत’ असे म्हटले आहे. ती बुद्धिमत्तेहून निराळी असते, आणि ज्याच्यापाशी ती नसते त्याची बुद्धिमत्ता अनेकदा वाया जाते. या दोन जिल्ह्यांनी ही ऐपत घराच्या परिस्थितीवर सोडून न देता समाजाच्या जबाबदारीवर उभी करण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नाचे मोल आजच्या प्रवेशप्रक्रियेकडे पाहताना नव्याने जाणवते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक, म्हणजे महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासाठीची पात्रता परीक्षा, १८५९ मध्ये घेण्यात आली. त्या काळी खरी अडचण जागांची नव्हती. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्याला महाविद्यालयाचे दार बहुधा उघडे असे, परंतु ते दार पुण्यात किंवा मुंबईत असे. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० मध्ये आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, तरी खटाव-माणच्या किंवा जत-आटपाडीच्या मुलाला तेथे राहण्याचा आणि जेवणाचा खर्च झेपणे दुरापास्तच होते. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे विलिंग्डन महाविद्यालय काढले, तेव्हा अंतर कमी झाले. अनिश्चितता मात्र उरलीच. वर्तमानपत्रात बैठक क्रमांकांनिशी छापून येणारा निकाल, त्यात आपला क्रमांक नसला तर पुन्हा परीक्षेला बसण्याची तयारी, आणि अशा वारंवारच्या प्रयत्नांना लोकांनी दिलेले ‘वारी’ हे नाव, या सर्वांतून अपयशानंतरचा काळ हा शिक्षणाचाच एक भाग असल्याची समजूत रुजली. पण वारी करायची तर घरात दोन वेळची सोय असावी लागे. जेथे ती नव्हती तेथे एक वर्ष हुकले की शिक्षण कायमचे सुटे.

प्रतीक्षेचा काळ केवळ चिकाटीने निभत नाही, त्यासाठी आधार लागतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्याच्याच शाळेतून निघालेल्या विद्यार्थ्याचे आहे. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत प्रवेश मिळूनही इतर मुलांबरोबर बसण्याचा हक्क नाकारला गेलेला हा मुलगा १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पोहोचला; परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. आंबेडकरांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडनने त्यांना दिली होती. त्या मुदतीत त्यांनी मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, त्यात छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीची आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जाची भर घातली, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. पुढे ढकललेले शिक्षण येथे पूर्ण झाले ते तीन गोष्टी जुळून आल्यामुळे : संस्थेने जागा राखून ठेवली आणि परतण्याची मुदत निश्चित सांगितली, मधल्या काळात अर्थार्जनाचे काम मिळाले, आणि कमी पडलेला पैसा कोणीतरी पुरवला. या तिहींपैकी एक जरी नसती, तरी त्यांच्या असामान्य बुद्धीला ती पदवी मिळणे अवघड झाले असते.

जे एका असामान्य विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रयत्नाने आणि योगाने घडले, ते सर्वसामान्य मुलांसाठी व्यवस्था म्हणून उभे करण्याचे काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेतील या बोर्डिंगात मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि अभ्यासही करीत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट आजही या भागात आदराने सांगितली जाते. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही योजना, म्हणजे विद्यार्थ्याने श्रम करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची पद्धत, महाविद्यालयाच्या पातळीवर आली. तिचा विचार सहसा स्वावलंबनाच्या अंगाने केला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु तिचे दुसरे अंग असे की, नापास झालेल्या, उशिरा शाळेत आलेल्या किंवा घरून पैसा न येणाऱ्या मुलाला या योजनेने छप्पर, जेवण आणि काम दिले, म्हणजेच त्याला थांबता येईल अशी जागा दिली. या बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, यावरून त्या जागेचे सामर्थ्य ध्यानात येते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये विश्रामबाग येथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले, जे १९५५ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखले जाते; १९६० मध्ये कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६२ मध्ये मिरजेला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. दारे जवळ आली, पण ती अरुंद होती, कारण अभियांत्रिकीच्या जागा कर्मशाळांच्या आणि वैद्यकाच्या जागा रुग्णालयातील खाटांच्या संख्येने मर्यादित होत्या. उत्तीर्ण होणे आता पुरेसे राहिले नाही. इंटर सायन्सच्या, म्हणजे महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाच्या, गुणांवरून गुणवत्ता यादी लागू लागली आणि तिच्या खाली प्रतीक्षा यादी, जिला सगळे ‘वेटिंग लिस्ट’ म्हणतात, ती आली. वरच्या एखाद्या विद्यार्थ्याने जागा सोडली तर खालच्याला ती मिळे. बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचे, तासांना बसायचे आणि मेडिकलचे किंवा इंजिनिअरिंगचे पत्र आले की दाखला काढून निघायचे, हा शिरस्ता त्याच काळात पडला.

पुढचा मोठा बदलही याच मातीतून आला. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित, म्हणजे शासकीय अनुदानाविना शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. इस्लामपूरजवळ साखराळे, बुधगाव आणि सातारा येथे त्याच वर्षी महाविद्यालये निघाली, तर १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणासाठी कर्नाटकात जाणारी मुले घराजवळ शिकू लागली आणि शेतकरी कुटुंबांतून अभियंत्यांची पहिली मोठी पिढी तयार झाली, हे या धोरणाचे श्रेय निर्विवाद आहे. त्याचबरोबर राज्यभर देणगीचा, म्हणजे प्रवेशासाठी शुल्काव्यतिरिक्त घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, प्रश्न इतका तीव्र झाला की १९८७ मध्ये तिला बंदी घालणारा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन खटल्यातील निर्णयाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आणली, जी २००२ मधील टी. एम. ए. पै खटल्याच्या निर्णयापर्यंत टिकली. या दोन दशकांत ज्याच्यापाशी पैसा होता त्याला थांबावेच लागले नाही, आणि ज्याच्यापाशी नव्हता त्याची प्रतीक्षा अधिक जाचक झाली, कारण आता ती शेजारच्या घरातल्या मुलाच्या प्रवेशाशेजारी उभी राहून करावी लागत होती.

सामाईक प्रवेश परीक्षा, जिला सर्वजण सीईटी म्हणतात, आणि राज्यस्तरीय केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, म्हणजेच ‘कॅप’, यांनी या विषमतेला बऱ्याच अंशी आळा घातला. महाविद्यालयाच्या दारात जाऊन शब्द टाकण्याची गरज उरली नाही. गुणक्रम आणि पसंतीक्रम यांवरून जागा ठरू लागली. मात्र या न्याय्यतेची किंमत गुंतागुंतीने चुकवावी लागली. जून-जुलैत कोणत्याही तालुक्याच्या सेतू कार्यालयासमोर उभे राहिले, तर प्लॅस्टिकच्या फायलीत दहावी-बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि जात पडताळणी समितीच्या टोकनची पावती असे सारे नीट लावून उभी असलेली माणसे दिसतात. पणजोबांच्या नावाची जुनी नोंद शोधण्यात कित्येक कुटुंबांचे महिने जातात, आणि गुण पुरेसे असूनही एका कागदावाचून जागा हातची जाण्याची भीती अखेरच्या दिवसापर्यंत राहते. अभियांत्रिकीच्या फेऱ्यांत काही वर्षे ‘फ्रीझ’, ‘स्लाइड’ आणि ‘फ्लोट’ असे तीन पर्याय होते : मिळालेली जागा कायम करणे, त्याच महाविद्यालयात अधिक पसंतीच्या शाखेची वाट पाहणे, किंवा अधिक पसंतीच्या कोणत्याही महाविद्यालयाची वाट पाहणे. बुधगावची जागा हातात ठेवून वालचंदची आशा धरायची की नाही, हा निर्णय अठरा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवसांत घ्यावा लागे, आणि ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही त्याला तो सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने घ्यावा लागे.

गेल्या दशकात अनिश्चिततेचा उगम आणखी वर सरकला. २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा नीट लागू होणार की राज्याची सीईटी चालणार, हे परीक्षांच्या ऐन हंगामातही अनिश्चित होते आणि २४ मेच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरता मार्ग निघाला. २०२० मध्ये करोनामुळे सीईटी ऑक्टोबरवर गेली. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, प्रवेशफेऱ्या अडकल्या आणि अभियांत्रिकीचे प्रवेश डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबले. ज्यांनी त्या प्रवर्गातून अर्ज भरले होते त्यांना प्रवर्ग बदलावा लागला, आणि मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदाच रद्द ठरला. २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली, तेव्हा संकेतस्थळाच्या अडचणींमुळे पहिल्याच वर्षी वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही घोषणेनंतर पहिली तुकडी मिळण्यासाठी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. या विलंबांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील काही अटळही होती; परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांत एक साम्य आहे : त्याने आपले काम वेळेवर केले होते आणि थांबण्याचे कारण त्याच्या हातात नव्हते.

अशा वेळी सधन घरातील मुलगा ‘ड्रॉप’ घेतो, म्हणजे एक वर्ष केवळ परीक्षेच्या तयारीला देतो, लातूरला किंवा कोटाला शिकवणी लावतो आणि पुढच्या वर्षी चांगल्या गुणक्रमाने परततो. दुष्काळी टापूतल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत रोजंदारी करणाऱ्या घरातील मुलासाठी तेच वर्ष मिळकतीचे वर्ष ठरते आणि तो पुन्हा वह्यांकडे वळेलच याची शाश्वती नसते. मुलींच्या बाबतीत तर रिकामे वर्ष म्हणजे घरात लग्नाची बोलणी सुरू होण्याचे वर्ष, हे या भागातील कोणत्याही शिक्षिकेला ठाऊक आहे. म्हणून प्रवेशाला लागणारा विलंब ही केवळ कार्यालयीन गैरसोय मानता येत नाही; गुणवत्ता यादीने जी समानता प्रस्थापित केलेली असते, ती विलंबाच्या प्रत्येक आठवड्यागणिक थोडीथोडी मोडत जाते.

इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. लंडनने डॉ. आंबेडकरांना मुदत सांगितली होती. आजच्या विद्यार्थ्यालाही प्रत्येक फेरीची पक्की तारीख आणि कागद उशिरा आला तरी जागा जाणार नाही अशी हमी मिळाली पाहिजे. सिडनॅमने मधल्या काळात काम दिले आणि धनिणीच्या बागेने काम, जेवण व छप्पर तिन्ही दिले. प्रवेशाची वाट पाहणाऱ्यांसाठीही वसतिगृहांची दारे उघडली आणि ‘कमवा आणि शिका’ योजना त्या मधल्या वर्षापर्यंत नेली, तर गरीब घरातील मुला-मुलींनाही दुसरी संधी खऱ्या अर्थाने घेता येईल. पुरेशी महाविद्यालये उभारण्याचे काम या दोन जिल्ह्यांनी शंभर वर्षांत बऱ्याच अंशी पुरे केले आहे. त्यांच्या दाराशी थांबलेल्याला आधार देण्याचे कर्मवीरांनी सुरू केलेले काम पुढे नेणे, ही आता शासनाची, विद्यापीठांची आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांची जबाबदारी आहे.