विसर पडू लागला की पती-पत्नींनी बोलावे कसे?

“कालच तर सांगितले होते!” हे वाक्य साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेक घरांत वारंवार ऐकू येऊ लागते. सांगणाऱ्याला वाटते, आपल्याकडे लक्ष दिले जात नाही. ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला उगाच बोल लावला जात आहे. कधीकधी या कुरबुरीमागे ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ ही अवस्था असते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली तिचे निकष मांडले. वयाच्या मानाने विसर अधिक पडतो. परंतु नित्याचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतो, म्हणून हा स्मृतिभ्रंश नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार पासष्टीपुढील अशा रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांना दोन वर्षांत स्मृतिभ्रंश जडतो. काहींची स्थिती पूर्ववतही होते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा एखादे औषधही विसराचे कारण असू शकते. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून गप्प न बसता आधी डॉक्टरांकडे जावे.

घरातील बोलण्याची रीत मात्र जोडीदारालाच बदलावी लागते. “आठवते का?” असे विचारून परीक्षा घेऊ नये. “रविवारी मिस्सानंतर भाची भेटली होती, ती उद्या येणार आहे,” असा धागा हाती द्यावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, तीही दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून. शब्द सापडेपर्यंत थांबावे. चारचौघांत त्यांच्या वतीने उत्तर देण्याची घाई करू नये. ही घाई प्रेमापोटी होते, तरी ती फार लागते. भिंतीवरील दिनदर्शिका व गोळ्यांची डबी दोघांसाठी ठेवावी, म्हणजे एकट्यावर पहारा बसल्यासारखे वाटत नाही.

ज्याला विसर पडतो त्यानेही “मला आठवत नाही” हे मोकळेपणाने सांगावे. लपवालपवीतच संशय वाढतो.

बँकेची खाती, मृत्युपत्र, पुढील उपचारांविषयीची इच्छा हे विषय अवघड खरे. पण निर्णयशक्ती शाबूत असतानाच ते दोघांनी मिळून बोलावेत; मुलांना नंतर बोलवावे. याच मार्गदर्शिकेने आठवड्यातून दोनदा व्यायाम सुचविला आहे. संध्याकाळी दोघांनी चालायला जावे. असे विषय तेथे, एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता, कित्येकदा सहज निघतात.