जुने संगणकीय खेळ आणि नवे संगणक : एका ऐतिहासिक साधनाच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. मोडी लिपीतील कागद दप्तरात सुरक्षित असला, तरी ती लिपी जाणणारा नसेल तर तो कागद मुका राहतो. संगणकीय खेळांच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट आहे. कारण खेळ हे वाचण्याचे नव्हे, तर चालविण्याचे साधन होय. १९८० ते २००० या काळातील अनेक खेळांच्या तबकड्या आज सुस्थितीत आहेत. तथापि कितीतरी पटींनी शक्तिशाली अशा आजच्या संगणकावर त्यांतील बरेच खेळ सुरूच होत नाहीत. या विसंगतीची कारणे व तिच्यावरील उपायांचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) यंत्राच्या गतीशी बांधलेले खेळ :

आय.बी.एम.ने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरची गती ४.७७ मेगाहर्ट्झ होती. सर्व यंत्रे याच गतीची राहतील असे गृहीत धरून अनेक खेळांत वेळ घड्याळावरून न मोजता प्रोसेसरच्या गतीवर सोपविली गेली. वेगवान यंत्रे येताच असे खेळ अनावर धावू लागले. त्या काळच्या संगणकांवरील 'टर्बो' बटणाचे नाव वेगाचे असले, तरी त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होत असे. १९९० मधील 'विंग कमांडर' हा खेळ पुढील यंत्रांवर याच कारणाने खेळण्याजोगा राहिला नाही.

२) कार्यप्रणालीतील स्थित्यंतर :

डॉसच्या काळात खेळ स्मृती व साउंड कार्ड यांचा थेट ताबा घेत. ६४० किलोबाइटची मर्यादा ओलांडण्यासाठी 'अल्टिमा ७' (१९९२) या खेळाने स्वतःची स्मृतिव्यवस्था रचली. परिणामी तो विंडोजमधून चालेना. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. तिने स्थैर्य व सुरक्षितता यांसाठी असा थेट ताबा नाकारला आणि कित्येक जुने खेळ बंद पडले किंवा मुके झाले. चौसष्ट-बिट विंडोजने सोळा-बिट आज्ञावल्यांचा आधारच काढून घेतला. काही खेळ स्वतः बत्तीस-बिट असूनही त्यांची स्थापना करणारी आज्ञावली सोळा-बिट असल्याने ते संगणकात उतरविताच येत नाहीत.

व्यापारी कारणेही दुर्लक्षून चालणार नाहीत. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या कार्डांसाठी लिहिलेले खेळ 'ग्लाइड' या तिच्याच भाषेत बोलत. कंपनी संपली आणि ती भाषा समजणारे नवे कार्ड उरले नाही. नक्कल रोखण्यासाठी वापरलेल्या 'सेफडिस्क' व्यवस्थेला २०१५ मधील विंडोज १० ने सुरक्षिततेच्या कारणास्तव स्थान दिले नाही. त्यामुळे रीतसर विकत घेतलेली मूळ सीडीही निरुपयोगी ठरली.

३) जतनाचे प्रयत्न :

जतनाच्या कार्यात हौशी जाणकारांचा वाटा मोठा आहे. २००२ मध्ये प्रथम प्रसृत झालेला 'डॉसबॉक्स' नव्या संगणकात जुन्या यंत्राचे प्रोसेसर व साउंड कार्डासह अनुकरण करतो आणि त्याची गतीही मर्यादित ठेवू देतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या विक्रीसंस्थेने असंख्य जुने खेळ याच आज्ञावलीसह पुन्हा विक्रीस आणले. दुसरा मार्ग मूळ संहितेचा. 'डूम' (१९९३) या खेळाची संहिता त्याच्या निर्मात्यांनी १९९७ मध्ये खुली केली. त्यामुळे तो नवनव्या यंत्रांवर उतरविता आला.

तथापि हे यश सार्वत्रिक नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांस दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची सवलत नाकारली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, जुने खेळ नष्ट होतात ते तबकडी झिजल्यामुळेच नव्हे, तर त्यांनी गृहीत धरलेले यंत्र, कार्यप्रणाली व कंपनी नाहीशी झाल्यामुळेही. म्हणून वस्तू जपणे पुरेसे नाही. ती ज्या परिस्थितीत सजीव होते, ती परिस्थितीही जपावी लागते. हे कार्य आज बव्हंशी हौशी मंडळींच्या चिकाटीवर उभे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या सांस्कृतिक इतिहासाचे हे साधन उद्याच्या अभ्यासकास हवे असेल, तर ग्रंथालये व अभिलेखागारे यांनी ही जबाबदारी आपली मानणे अगत्याचे आहे.