पहिला पगार : 1983 पासून आजपर्यंत

आपण 1981 साली दहावी झालो आणि 1983 मध्ये बारावी. तोपर्यंत कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या पदवीची सोय नव्हती. जवळ म्हणजे सांगलीचे वालचंद (1947) किंवा कराडचे शासकीय महाविद्यालय (1960). जागा मोजक्या, फी मात्र वर्षाला काहीशे रुपये.

शहरात इंजिनिअरिंग होते, ते उद्यमनगरात. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी पदवीवाचून ऑइल इंजिने घडवली होती. तिथे मिस्त्रीची किंमत हातातल्या कसबावर ठरे. पदवीचे आकर्षण वेगळे होते : ठरलेला पगार आणि पेन्शन.

1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी आपल्याकडे केआयटी सुरू झाले. 1984 मध्ये कसबा बावड्यात डी. वाय. पाटील. दार उघडले, पण फी वडिलांच्या खिशातून जाऊ लागली. म्हणून पहिल्या पगाराचा हिशेब घराघरांत होऊ लागला.

तेव्हा मापदंड सरकारी नोकरीचा. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेत वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन तिसऱ्या वेतन आयोगाने 700 रुपये ठेवले होते. चौथ्याने, म्हणजे 1986 पासून, ते 2,200 झाले. आपल्यातले अभियंते 1987 मध्ये बाहेर पडले, तेव्हा हाच आकडा सर्वांच्या तोंडी. पाचव्या आयोगात तो 8,000 झाला, तर सातव्यात, 2016 पासून, 56,100. अर्थात ती नोकरी फार थोड्यांच्या नशिबी.

1991 नंतर मापदंड बदलला. आयटी कंपन्या शेकड्यांनी मुले घेऊ लागल्या आणि कोल्हापूरची मुले पुण्याला, बंगळूरला गेली. ‘पगार’ जाऊन ‘पॅकेज’ आले. 2010 च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळत. 2024 मध्येही बहुतेकांना साडेतीन लाखांच्या आसपासच मिळत होते. मधल्या काळात महागाई मात्र दुपटीच्या पुढे गेली.

थोडा हिशेब करू. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाने 1987 ते 2024 या काळात भाव साधारण बारा पट झाले. म्हणजे तेव्हाचे 2,200 आजचे सुमारे 26,000. साडेतीन लाखांचे पॅकेज महिन्याला 29,000 होते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीही वजा होतो. म्हणजे सदतीस वर्षांत नवखा अभियंता जवळपास जागच्या जागीच आहे. फीचे मात्र तसे नाही. अनेक खासगी महाविद्यालयांत चार वर्षांची फी पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त होते.

याचे कारण मुलांची कुवत कमी झाली असे नाही. रांग लांबली. दारात शंभरजण उभे असले की मालक भाव वाढवत नाही.

आपल्या बॅचमधले काहीजण आज शिरोली, गोकुळ शिरगावला स्वतःच नवख्यांना नेमतात. पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन 2019 च्या नियमांनी किमान 9,000 केले. ते किमान आहे. तेवढेच द्यावे असे कुठे लिहिलेले नाही. आपल्या गुरुजनांनी आपल्याला गणित शिकवले. पुढच्या वेळी कुणाचा पहिला पगार ठरवताना एवढा बारा पटींचा हिशेब करावा, एवढेच मित्रांना सांगणे.