वितळणारी चांदी, घासलेला हिरा आणि तळेगावची काच

मराठी राज्यात जडजवाहीर एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या: नजराणा, अहेर, देवाला वाहिलेला दागिना, सावकाराकडे ठेवलेले गहाण आणि अर्थातच शत्रूकडून मिळवलेली लूट. चारचौघांसमोर बोली पुकारून सर्वांत जास्त रक्कम देणाऱ्याच्या पदरात वस्तू टाकण्याची रीत अगदीच अपरिचित होती असे नाही, कारण शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याच्या कारकिर्दीत मामलतीसुद्धा चढ्या बोलीने दिल्या जात. तथापि राजघराण्याचे दागिने, चांदीची उपकरणी आणि वाड्यातील सामान बोलीवर चढले ते राज्य गेल्यावरच. त्या लिलावांचा आणि त्यांतून निघालेल्या वस्तूंचा माग काढू लागले म्हणजे असे दिसते की, वस्तूचे पुढे काय झाले हे तिच्या देखणेपणापेक्षा दोन साध्या गोष्टींनी ठरले. ती वितळवता, घासता किंवा सुटी करता येत होती काय, ही त्यांतली पहिली. आणि कोणाची वा कोणी केलेली हे सांगणारे नाव तिला चिकटलेले होते काय, ही दुसरी. पुण्याच्या वायव्येचा चिंचवड, तळेगाव आणि चाकण हा पट्टा, जो आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो, या इतिहासात दोनदा येतो, आणि दुसऱ्या वेळी तो जवाहिरासाठी नव्हे, काचेसाठी येतो.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्याच दिवशी पेशव्यांच्या फौजेने मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी जाळली आणि त्या आगीत ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह गेला; बारा दिवसांनी पुणे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये चाकणचा भुईकोट, लोहगड आणि विसापूर हे किल्ले पडले, मे महिन्यात रायगड पडला आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. या प्रत्येक ठिकाणी जे धन सापडले त्याला इंग्रजी लष्करी कायद्यात ‘प्राइझ’ असे नाव होते. प्राइझ म्हणजे युद्धात हस्तगत झालेली मालमत्ता: ती तत्त्वतः राजाची, परंतु राजा ती कृपेने सैन्याला बहाल करीत असे, आणि मग सैन्याने नेमलेले ‘प्राइझ एजंट’ नावाचे अधिकारी ती ताब्यात घेऊन, जाहीर लिलावाने विकून, आलेली रक्कम हुद्द्यांच्या प्रमाणात वाटून देत. सरदाराच्या घरातील सुरई आणि किल्ल्यावरील तोफ यांना एकाच यादीत आणणारी ही व्यवस्था होती. लुटीला पैशाचे रूप मिळाले की तिची वाटणी करता येते आणि वाटणी झाली की तिला हिशेबाचे, म्हणजे पर्यायाने कायद्याचे, वस्त्र चढते, हे या व्यवस्थेचे खरे काम होते. उत्तम किंमत मिळवणे हा त्यातला दुय्यम भाग.

‘डेक्कन प्राइझ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दख्खनच्या लुटीचे वाटप तेवढ्याने सुरळीत झाले नाही. सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खनी फौजेने ती प्रत्यक्ष मिळवली होती, तर गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज याच्या उत्तरेकडील मोठ्या फौजेचे म्हणणे असे की मोहीम एकच असल्याने वाटाही सर्वांचा. हा वाद लंडनला गेला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट यांना विश्वस्त नेमावे लागले, आणि अनेक हक्कदार आपला हिस्सा हाती पडण्याआधीच वारले. याच प्रकरणातून निघालेला एक खटला मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. पेशव्यांचा खजिना सांभाळणारे आणि रायगडावर असलेले नारो गोविंद औटी यांच्याकडील मोठी रक्कम किल्ला पडल्यानंतर पुण्यात जप्त करण्यात आली. ती राज्याची नसून खाजगी आहे असे म्हणून त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकलाही. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. युद्धाच्या ओघात शत्रुभावाने केलेल्या जप्तीचा न्याय करणे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेतच येत नाही, असा तो निकाल होता, आणि एल्फिन्स्टनविरुद्ध बदरीचंद या नावाने तो पुढील काळात वारंवार आधारास घेतला गेला. जप्त झालेले धन कोणाचे होते या प्रश्नाचे उत्तर न देताच प्रश्न संपवण्याची ही तऱ्हा होती.

पेशव्यांच्या जवाहिरापैकी ज्या एका रत्नाचा माग जवळजवळ अखंड सापडतो तो म्हणजे ‘नासक’ या नावाने जगाला ठाऊक असलेला नाशिकचा हिरा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा होता अशी परंपरा आहे. १८१८ मध्ये तो बाजीरावाकडून कंपनीच्या हाती आला, हेस्टिंग्जमार्फत लंडनला पोहोचला आणि ब्रिटिश राजघराण्याचे जवाहिरे रंडेल अँड ब्रिज यांनी विकत घेतला. भारतीय कारागिराने रत्नाला पैलू पाडताना वजन राखण्याकडे लक्ष दिलेले असते, तेज थोडे कमी पडले तरी चालते. युरोपीय बाजाराची आवड नेमकी उलटी. त्यामुळे सुमारे ९० कॅरटचा हा दगड घासून ८० कॅरटच्या आत आणला गेला. १८३७ मध्ये लंडनमधील विलिस रूम्स या सभागृहात झालेल्या लिलावात तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर याने घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. १९२७ च्या सुमारास पॅरिसचे जवाहिरे मोबुसाँ यांनी तो अमेरिकेत नेला, तेव्हा तो ‘कलात्मक पुरावस्तू’ म्हणून जकातमुक्त ठरतो की साधे रत्न म्हणून जकातपात्र, यावर खटला उभा राहिला. अखेर वरिष्ठ न्यायालयाने त्याला पुरावस्तू मानण्याचे नाकारले. त्यानंतर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटचा केला, आणि १९७० मध्ये पार्क-बर्नेट या पेढीच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. म्हणजे दीडशे वर्षांत हिऱ्याचे निम्म्याहून अधिक अंग गेले, आकार दोनदा बदलला, न्यायालयाने त्याचे पुराणत्वही काढून घेतले. नाशिकचे नाव मात्र सुटले नाही, आणि केवळ त्या नावामुळे तोच तो हिरा आहे असे म्हणता येते. त्याच खजिन्यातील इतर असंख्य हिरे, माणके आणि मोती नावावाचून बाजारात गेले आणि तिथे विरघळले.

नागपूरच्या भोसल्यांच्या बाबतीत हे विरघळणे अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारसावाचून वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले, आणि राज्याबरोबर वाड्यातील चीजवस्तूही सरकारी देखरेखीखाली आली. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने विकले गेले. सामान वाड्याबाहेर काढण्याला घराण्यातील स्त्रियांनी, विशेषतः वयोवृद्ध बांकाबाईंनी, केलेला विरोध त्या काळी सर्वत्र चर्चिला गेला आणि जॉन विल्यम के यांच्यासारख्या इंग्रज इतिहासकारानेही या प्रकरणाबद्दल आपली नाराजी लपवली नाही. दागिने आणि रत्ने कलकत्त्याला पाठवण्यात आली आणि १८५५ मध्ये हॅमिल्टन अँड कंपनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने त्यांचा लिलाव केला. चारच वर्षांपूर्वी लाहोरच्या तोषाखान्याचे, म्हणजे शीख दरबाराच्या जामदारखान्याचे, असेच लिलाव झालेले असल्याने सरकारला ही पद्धत सवयीची झाली होती. डलहौसीचा युक्तिवाद असा की हे धन राज्याच्या महसुलातून जमलेले असल्यामुळे ते घराण्याचे खाजगी नव्हे, मात्र विक्रीचे उत्पन्न घराण्याच्याच निर्वाहासाठी ‘भोसला फंड’ म्हणून राखले जाईल. रक्कम राखणे आणि वस्तू राखणे यांत फरक असतो, हे त्याला समजत नव्हते असे मानणे कठीण आहे. १८६० मध्ये दत्तकपुत्र जानोजींना ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब मिळाला; दागिने परत आले नाहीत, येणे शक्यही नव्हते, कारण कंठा किंवा शिरपेच विकत घेणारा व्यापारी सोन्याचा भाव आणि रत्नांचा भाव वेगवेगळा धरतो, आणि कोंदण मोडून रत्न सुटे केले की ते कोणत्या शिरपेचातले हे सांगणारे काही उरत नाही.

याला उलटी साक्ष नुकतीच मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून एक तलवार बोलीवर आली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणण्यात आली. ही ‘फिरंग’ जातीची, म्हणजे युरोपीय बनावटीच्या सरळ पात्याला देशी मूठ बसवलेली, तलवार आहे आणि तिच्या पात्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत सेनासाहेबसुभा रघूजींचे नाव घातलेले आहे. ते नाव नसते तर जाणत्या खरेदीदारालाही ती अठराव्या शतकातील एक चांगली मराठा तलवार एवढेच वाटले असते.

चांदीची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिचा शेवट बहुधा मुशीतच झाला. विलायतेत चांदीच्या वस्तूवर शुद्धतेची, घडवणाऱ्याची आणि वर्षाची मुद्रा उमटवण्याची सक्ती शतकानुशतके होती. लंडनची वर्षदर्शक अक्षरे तर १४७८ पासूनची आहेत, त्यामुळे तिथला जुना चमचासुद्धा आपली जन्मतारीख सांगतो. ब्रिटिश हिंदुस्थानात अशी सक्ती नव्हती. साहेबी पेढ्या आपापल्या मुद्रा मारीत, आणि नागपूरचे जवाहीर विकणाऱ्या त्याच हॅमिल्टन कंपनीची चांदी तिच्यावरील हत्तीच्या मुद्रेवरून आजही ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचे कारागीर लष्कर भागातील इंग्रज गिऱ्हाइकांसाठी देवदेवतांच्या उठावदार आकृतींनी मढवलेले चहाचे संच घडवीत, आणि विलायतेला गेलेले ते संच आता तिथल्या लिलावांत ‘पूना सिल्व्हर’ म्हणून चढ्या भावाने जातात. मराठी घरांतील तबके, अत्तरदाण्या आणि गुलाबदाण्या मात्र सराफाकडे ‘मोड’ म्हणून गेल्या. मोड घालणे म्हणजे जुना डाग वजनावर देऊन, घट सोसून, नवा करून घेणे. या व्यवहारात धातूचा कस तेवढा मोजला जातो आणि जुन्या घडणावळीचे मोल शून्य धरले जाते. व्यवहार म्हणून यात चुकीचे काही नाही. मात्र प्रत्येक लग्नसराईत घरातील इतिहास थोडा थोडा वितळत गेला, आणि लुटीने जे केले त्याहून ते कमी नव्हते, असेच म्हणावे लागते.

काच या सर्वांहून वेगळी, कारण मराठी वाड्यांतील जुनी काच बहुतांशी आयात होती. दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे बोहेमियातून, बेल्जियममधून किंवा बर्मिंगहॅमच्या ऑस्लर पेढीकडून येत, आणि वाडा मोडला की लाकूडसामानाबरोबर तीही विकली जात. देशी बनावटीची यंत्रयुगातील काच महाराष्ट्रात रुजली ती तळेगाव दाभाडे येथे, आणि तीही बाजाराच्या गरजेपेक्षा चळवळीच्या निकडीतून. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा गोळा करून देशी धंद्यांना भांडवल पुरवण्याची ‘पैसा फंड’ ही कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि या फंडातून १९०८ मध्ये मुंबई-पुणे लोहमार्गावरील तळेगावात काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याची तांत्रिक बाजू होती. कारखाना म्हणून त्याने अमाप नफा मिळवला नाही. शाळा म्हणून त्याचे काम मोठे ठरले. भट्टीचे तापमान, वाळू-सोडा-चुन्याचे प्रमाण आणि फुंकनळीचे कसब इथे शिकलेली माणसे देशभरच्या काच कारखान्यांत पसरली, आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद पडल्यावर त्या शिक्षणाचे मोल कळले. १९१६ मध्ये औंध संस्थानात कराडजवळ ओगले बंधूंनी काढलेला कारखाना याच वातावरणातला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला आणि त्यावर नाव असल्याने जुन्या वस्तूंच्या शौकिनांना तो आजही ओळखू येतो.

कंदिलाच्या चिमण्या आणि बाटल्या यांसारख्या रोजच्या काचेवर मात्र घडवणाऱ्याची खूण सहसा नसते. शिवाय काचेलाही मोड आहे: फुटक्या काचेचा चुरा नव्या मिश्रणात घातला की ते कमी उष्णतेवर वितळते, म्हणून प्रत्येक भट्टी जुनी काच आनंदाने गिळते. १९६० नंतर पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे ती चाकण-तळेगावपर्यंत पसरली, तसतसा या पट्ट्यात भंगाराचा अवाढव्य व्यापार वाढला. चिखली-कुदळवाडीची गोदामे, जी २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने जमीनदोस्त केली, ती त्याचे मोठे केंद्र होती. जुन्या घरातून निघालेली काच या वाटेने किलोवर जाते. थोडीफार पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारीवर मांडली जाते, तिथे बोली पुकारली जात नाही, घासाघीस होते, आणि विकणारा प्रत्येक जाड काचेला बिनदिक्कत ‘बेल्जियम’ म्हणतो.

मुंबईतील आजच्या लिलावगृहांत परिस्थिती उलटी आहे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला, आणि त्यानुसार शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर विकता येत नाही, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. हैदराबादच्या निजामाचे १७३ दागिने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटींना सरकारने घेतले तेव्हा जागतिक बाजारभाव हा वादाचा मुद्दा झाला तो या निर्यातबंदीमुळेच. मुंबईच्या या लिलावांच्या सूचिपत्रात वस्तूच्या वर्णनापेक्षा तिच्या मालकीची परंपरा, म्हणजे ती कोणाकडून कोणाकडे आली याची कागदोपत्री साखळी, अधिक जागा घेते, आणि भावही त्या साखळीला येतो. तळेगावच्या भट्टीतून १९०८ पासून निघालेल्या पहिल्या वस्तूंनी आता शंभरी ओलांडलेली असल्यामुळे वयाच्या कसोटीवर त्या पुरावस्तू ठरू शकतात. पैसा फंडाचा हिशेब त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पैशापैशाने ठेवला जात असे. मात्र त्या पैशातून घडलेली चिमणी हाती आली तरी ती तळेगावचीच आहे असे सिद्ध करणारी पावती, मोहोर किंवा यादी तिच्याबरोबर येत नाही, आणि अशा वस्तूला लिलावगृहात क्रमांकही मिळत नाही.