डबलडेचा चेंडू, नायडूंचा षटकार आणि आमची विटी

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या मित्रानं विचारलं, "जन्मभर कांट शिकवला, आणि आता बेसबॉल?" आम्ही म्हटलं, प्रश्न तोच आहे. एखादी गोष्ट घडली हे आपल्याला कशावरून कळतं, आणि घडलेली नसतानाही ती इतकी पक्की का वाटते? हा प्रश्न वर्गात काढला की पोरं जांभया देतात. मैदानावर नेला की कान टवकारतात.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं टोलवायचा आणि चौकोनाचे कोपरे शिवत पळत पुन्हा घरी यायचं. अमेरिकेत या खेळाचं स्थान आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच आहे. आता असा खेळ म्हटला की त्याचा जन्म कुठे झाला हे ठरवावंच लागतं, आणि तिथूनच गंमत सुरू होते.

हेन्री चॅडविक नावाचा जन्मानं इंग्रज असलेला पत्रकार होता. बेसबॉलवर त्याच्याइतकं त्या काळात कोणी लिहिलं नसेल. तो म्हणायचा, हा खेळ इंग्लंडातल्या पोरांच्या राउंडर्स नावाच्या खेळातून निघाला. हे अल्बर्ट स्पाल्डिंग यांना सोसेना. स्पाल्डिंग आधी नामांकित खेळाडू होते, पुढे खेळाच्या सामानाचे बडे कारखानदार झाले. राष्ट्राचा खेळ आणि तो इंग्रजांच्या पोरांकडून उसना आणलेला? त्यांनी १९०५ साली एक समिती नेमवली. अध्यक्ष होते ए. जी. मिल्स. लोकांकडून आठवणी मागवल्या गेल्या. डेन्व्हरहून अॅब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या खाण इंजिनिअरचं पत्र आलं की न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी १८३९ च्या सुमारास अॅब्नर डबलडे यांनी हा खेळ शोधून काढला. डबलडे पुढे यादवी युद्धात जनरल झाले होते. समितीला दुसरं काय हवं होतं? गाव आहे, साल आहे, वर सेनापतीही आहे. १९०७ च्या डिसेंबरात निकाल लागला: बेसबॉलचे जनक डबलडे.

आता साक्ष तपासू. १८३९ साली डबलडे कूपर्सटाउनला नव्हते, वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. ते १८९३ साली वारले, पण आपण असा काही खेळ शोधला असं त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. साक्षीदार ग्रेव्ह्ज १८३९ मध्ये पाच वर्षांचे होते. याच ग्रेव्ह्जनी पुढे १९२४ मध्ये आपल्या बायकोला गोळी घालून मारलं आणि त्यांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. अर्थात यावरून आधीची साक्ष खोटी ठरत नाही, तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून हे सांगायलाच हवं. ती खोटी ठरते ती इतर पुराव्यांनी. बेस-बॉल हा शब्द लंडनच्या जॉन न्यूबेरी यांच्या १७४४ च्या मुलांच्या पुस्तकात आहे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अॅबी'मध्येही तो आहे आणि तिथे खेळते आहे ती एक मुलगी. म्हणजे डबलडे जन्मण्याआधीच खेळ चालू होता.

पण गोष्ट इथे मरत नाही, उलट तिला हातपाय फुटतात. १९३५ च्या सुमाराला कूपर्सटाउनजवळच्या एका शेतावरच्या घरात जुन्या पेटीत फाटका, उसवलेला चेंडू सापडला. तो ग्रेव्ह्ज कुटुंबाचा होता, एवढ्यावरून तो 'डबलडेचा चेंडू' ठरला. गावातल्या श्रीमंत क्लार्क घराण्यातल्या एकानं तो पाच डॉलरला विकत घेतला. त्याच्याभोवती संग्रहालय उभं राहिलं. १९३९ मध्ये, म्हणजे न घडलेल्या घटनेच्या शताब्दीला, त्याचं उद्घाटन झालं! आजही लोक तिथे श्रद्धेनं जातात. इमारत खरी, गर्दी खरी, खेळाडूंच्या वस्तू खऱ्या. फक्त पायात घातलेला पहिला दगड तेवढा कल्पनेचा.

बेसबॉलच्या पोतडीत अशा गोष्टी रग्गड आहेत. १९४५ साली शिकागोच्या कब्ज संघाच्या मैदानावर बिली सियानिस नावाचा खाणावळवाला तिकीट काढून आपला बकरा घेऊन आला. वासामुळे बकऱ्याला बाहेर काढलं. सियानिसनं शाप दिला म्हणतात. संघ पुढे २०१६ पर्यंत अजिंक्यपद जिंकू शकला नाही. आपल्याकडे नजर लागते, त्यांना बकरा लागला. मौज अशी की त्याआधीचं त्यांचं शेवटचं अजिंक्यपद १९०८ चं. म्हणजे सदतीस वर्षांचा दुष्काळ बकरा यायच्या आधीचाच, तो मात्र हिशेबात कोणी धरत नाही. आणि बेब रूथ. १ ऑक्टोबर १९३२, तेच मैदान. दोन चेंडू हुकले होते, समोरचे खेळाडू चिडवत होते. रूथनी हात वर करून बोट दाखवलं आणि पुढचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. 'मी तिथे मारणार' असं त्यांनी खुणावलं, ही दंतकथा. एका प्रेक्षकाच्या घरगुती कॅमेऱ्यात तो हात टिपला गेला आहे. हात दिसतो, पण त्या हाताचा अर्थ दिसत नाही. पुरावा हाती आला तरी अर्थ आपणच लावतो, हे फिल्म दाखवून जितकं पटतं तितकं कांट वाचून पटत नाही.

त्याच १९३२ च्या उन्हाळ्यात आपले सी. के. नायडू इंग्लंडात होते. 'आपले' म्हणजे नागपूरचे. जन्म १८९५, भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा आणि त्यात ११ षटकार, हे स्कोअरबुकात लिहिलेलं आहे. पण विदर्भातल्या मागच्या पिढीला आवडायचा तो दुसराच षटकार. एजबॅस्टनच्या मैदानावरून त्यांनी मारलेला चेंडू री नदीच्या पलीकडे गेला. नदी म्हणजे दोन कौंट्यांची हद्द. म्हणजे नायडूंनी वॉरिकशायरमधून थेट वूस्टरशायरमध्ये षटकार मारला!

षटकार मोठा होता यात वाद नाही. पण नदीपलीकडचा बॉल्सॉल हीथ हा भाग १८९१ मध्येच बर्मिंगहॅम शहरात सामील झाला होता. चेंडू ओलांडणार ती हद्दच चाळीस वर्षांपूर्वी सरकली होती. मग ही गोष्ट टिकली कशी? ती कोणत्या काळात सांगितली गेली ते पाहा. देश पारतंत्र्यात होता. इंग्रजांच्या भूमीवर, इंग्रजांच्याच खेळात, नागपूरचा माणूस सीमा ओलांडतो. नुसतं 'लांब मारला' म्हणून भागत नव्हतं, सीमा ओलांडायला हवी होती. स्पाल्डिंगना डबलडे हवे होते आणि आम्हाला वूस्टरशायर. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नयेत असं आम्हाला वाटतं. एक गोष्ट धनको सांगत होता, दुसरी ऋणको. तरीही खोटं ते खोटंच.

कधी कधी उलटंही होतं. खरं घडलेलं दंतकथेसारखं वाटतं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आलेला. विश्रांतीला खेळ थांबला आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. महाराष्ट्रानं डाव घोषित केला नाही आणि पाहुणे खरोखरच परत गेले. नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. यात मीठमसाला घालायला जागाच नाही.

आणि काही गोष्टी गोड करून सांगितल्या जातात, त्या आम्हाला जास्त खुपतात. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायचे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्यांच्याकडून गोलंदाजीचा सराव करून घेत. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केलंस की आठ आणे देईन, असं ग्रेग म्हणाले होते, ही दंतकथा सगळे हसतहसत सांगतात. पुढचं सांगताना आवाज खाली येतो. बाळू चांभार समाजातले. हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं ते गोऱ्यांना हरवायचं म्हणून, पण चहाच्या वेळी ते पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात त्यांचा चहा वेगळा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेल्या या माणसाला हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं, तेही भांडणतंट्यानंतर. अमेरिकेतही समिती राष्ट्रीय खेळाचा जनक शोधत होती, तेव्हा काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांचे दरवाजे बंद होते. जॅकी रॉबिन्सन आत आले ते १९४७ मध्ये. आठ आण्यांची गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण मातीचं भांडं वगळून नको.

आता घरचा विषय. यवतमाळ जिल्ह्यात कुठेही व्याख्यान द्या, शेवटी एक हात वर होतोच: "सर, क्रिकेट काय, बेसबॉल काय, सगळं आपल्या विटीदांडूतूनच निघालं ना?" हे अभिमानानं विचारलेलं असतं. पुरावाही तयार असतो: तुकोबांच्या गाथेत विटीदांडूवर अभंग आहेत, चेंडूफळीवर आहेत. आहेतच. त्यावरून सतराव्या शतकात महाराष्ट्रात हे खेळ चालत होते एवढं सिद्ध होतं. इंग्लंडात तो खेळ आपल्याकडून गेला हे सिद्ध होत नाही. लाकडाचा दोन्हीकडून निमुळता तुकडा उडवून टोलवायचा खेळ इंग्लंडात टिपकॅट, इटलीत लिप्पा, तुर्कस्तानात चेलिक-चोमाक म्हणून खेळतात. जिथे काठी आणि रिकामी पोरं तिथे हा खेळ. विटीदांडूला जगाची आई ठरवणं म्हणजे आपणच आपला डबलडे उभा करणं.

यात आमचं खरं दुःख असं की या खोट्या अभिमानाच्या नादात हातातला खरा ऐवज निसटतो आहे. तो ऐवज म्हणजे मोजणी. साठीपुढच्या मंडळींनी आठवून बघा. विटी गलीपासून जिथे पडली तिथवर दांड्यानं माप घ्यायचं आणि म्हणायचं वकट, लेंड, मूंड, नाल... माप ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला ठरायचा. कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून, कधी मुठीवर, कधी तर डोळ्यावर ठेवून, मान मागे टाकून. आयांचा जीव खालीवर व्हायचा तो त्या डोळ्यावरच्या डावाला.

हे शब्द मराठी नाहीत. पैनगंगा उतरून आदिलाबादच्या बाजाराला जा. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु, सहा आरु, आणि पुष्कळ गावांच्या मोजणीत 'आर' आहेच. आपल्याच झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या कोलाम पोडावर जा. कोलामी हीसुद्धा द्राविडी भाषा. तिथे तीनला मूंदिंग, चारला नालिंग. म्हणजे घरात एक-दोन-तीन म्हणणारं मराठी पोर खेळायला गेलं की दुसऱ्याच भाषाकुळात मोजायचं, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. शाळेत असं मोजलं असतं तर छडी बसली असती.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे खेळ कोलामांनी शोधला! थांबा. कोकणातली, देशावरची पोरंही वकट-लेंडच म्हणत आली आहेत, तेव्हा एका पोडाला जन्मगाव ठरवता येणार नाही. एवढंच नक्की म्हणता येतं की मराठी आणि तेलुगू-कानडी बोलणारी पोरं कधीकाळी एकाच गलीभोवती उभी होती आणि मोजणी कोणत्या भाषेत करायची यावर त्यांचं भांडण झालं नाही. याला समिती नव्हती, कारखानदार नव्हता, सेनापती नव्हता. विकायला कोणाकडे काही नव्हतं, म्हणून खोटी साक्ष द्यायचंही कोणाला कारण नव्हतं. इतिहासाचा पुरावा म्हणून आम्ही पेटीतल्या चेंडूपेक्षा या चार शब्दांवर जास्त विश्वास ठेवू.

पण चेंडूला काचेची पेटी आहे, शब्दांना नाही. आज दहा वर्षांच्या पोराला वकट म्हणजे काय विचारा, तो तोंडाकडे बघतो. पहिले चार शब्द बहुतेक ठिकाणी सारखे आहेत. पाचव्यापासून पुढे गावागणिक फरक पडत जातो. वणीकडे एक, पुसदकडे दुसरा, नदीपलीकडे तिसरा. तेव्हा जाताना एक काम देतो. घरी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा, सातही शब्द त्याच्या तोंडून ऐका, जसे उच्चारले तसे लिहा, सुधारू नका. गावाचं नाव आणि कोणत्या शब्दाला विटी कुठे ठेवायची तेही लिहा. आणि डोळ्यावरचा डाव तुमच्या गावी कितव्या शब्दाला होता, हे तर नक्कीच.